रोप जगविणे : कठीण काळातील धम्मसाधना

विश्ववंद्य तथागत भगवान बुद्धांचा जन्म लुंबिनी वनात झाला. त्यांना सम्यक संबोधी प्राप्त झाली ती उरुवेला येथे पिंपळाच्या झाडाखाली. पहिले धम्मप्रवचन त्यांनी इसिपतनच्या मृगदाव वनात दिले आणि महापरिनिर्वाण झाले ते कुसिनारा येथे दोन शालवृक्षांच्या मध्ये. या चारही गोष्टी आपण प्रत्येक बुद्ध पौर्णिमेला विहारात ऐकतो. राजा बिंबिसाराने दिलेले वेळुवन, अनाथपिंडकाने दिलेले जेतवन, जीवकाची आमराई, आम्रपालीची आमराई ही नावेही आपल्या परिचयाची आहेत. परंतु ऐकताना एक साधी गोष्ट आपल्या लक्षातून निसटते. या वनांतील प्रत्येक झाड कोणीतरी लावले, त्याला पाणी घातले, गुराढोरांपासून राखले, तेव्हा कुठे त्या सावलीत संघ बसू शकला. दान देणाऱ्यांची नावे ग्रंथांत राहिली, पाणी घालणाऱ्यांची राहिली नाहीत.

या लेखात आम्ही त्या पाणी घालणाऱ्यांच्या कामाचा विचार करणार आहोत. झाडे लावा, पर्यावरण वाचवा, हा उपदेश आता शाळेतल्या मुलांनाही पाठ झाला आहे. तो पुन्हा करण्याचा आमचा हेतू नाही. माणसावर वाईट दिवस येतात, घरात मृत्यू होतो, पीक बुडते, कर्ज थकते, मन कशातच लागत नाही, अशा वेळी एखादे रोप रोज जगविण्याचे काम माणसाला धम्माच्या वाटेवर कसे धरून ठेवते, हे समजून घेणे हा आमचा हेतू आहे. झाड लावणे हा एका दिवसाचा कार्यक्रम असतो. झाड जगविणे ही साधना आहे. या दोहोंतील फरक नीट ध्यानात आला तर या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.

उपासकांच्या वाट्याला आलेले काम

विनयाच्या नियमांप्रमाणे भिक्खूंना जमीन खणण्याची आणि झाडझुडूप तोडण्याची मनाई आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर कोवळे गवत आणि लहान जीवजंतू पायाखाली तुडविले जातात अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यातूनच वर्षावासाचा नियम आला, असे विनयपिटकात सांगितले आहे. म्हणजे माती खणणे, रोप लावणे, निंदण करणे, पाणी देणे ही सारी कामे संघाने करावयाची नाहीत. ती आपल्याच, म्हणजे उपासक-उपासिकांच्या वाट्याला आलेली आहेत. भिक्खूंना चीवरदान आणि भोजनदान देणे हे जसे आपले कर्तव्य, तसेच त्यांना बसावयास सावली देणे हेही आपलेच कर्तव्य होय.

संयुत्त निकायात वनरोप सुत्त नावाचे एक छोटे सुत्त आहे. कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढत राहते, असा प्रश्न त्यात तथागतांना विचारला आहे. जे बागा व वने लावतात, पूल बांधतात, पाणपोया व विहिरी करतात, वाटसरूंना निवारा देतात, त्यांचे पुण्य दिवसरात्र वाढते, असा तथागतांच्या उत्तराचा आशय आहे. मात्र त्याला लागूनच धम्मात स्थिर राहणे व शीलसंपन्न असणे ही अटही सांगितली आहे. झाड लावले आणि शील सोडले तर चालेल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की पुण्य रात्रंदिवस वाढते म्हणजे काही आकाशातील वहीत जमा होते असे नव्हे. झाड रात्रंदिवस वाढते, त्याची सावली, फळे आणि पाखरांची घरटी वाढत जातात आणि लावणाऱ्याच्या मनाचा मोठेपणाही वाढतो. आमच्या समजुतीप्रमाणे पुण्य ते हेच.

सम्राट अशोकाने हा विचार राज्यकारभारात आणला. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व जनावरांसाठी औषधी वनस्पती जेथे नाहीत तेथे आणवून लावल्याचा उल्लेख आहे. सातव्या स्तंभलेखात रस्त्याच्या कडेने वडाची झाडे लावल्याचा, आमराया करविल्याचा आणि विहिरी खोदविल्याचा उल्लेख आहे. कलिंगच्या युद्धात लाखो माणसे मेली, त्या पश्चात्तापानंतरचा हा राजा आहे हे विसरता कामा नये. ज्या हातांनी संहार केला त्याच हातांनी पुढे रोपे लावावीत असे त्याला वाटले, यात फार मोठा अर्थ आहे.

बोधिवृक्ष कसा जगला?

आपण ज्या बोधिवृक्षापुढे नतमस्तक होतो त्याचा इतिहास हा संकटांचा आणि सांभाळण्याचा इतिहास आहे. राजा शशांकाने बोधगयेचा वृक्ष तोडविला आणि पुढे पूर्णवर्मा राजाने त्याच्या मुळांना गाईचे दूध घालून तो पुन्हा फुटविला, असे सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संग या चिनी भिक्षूने लिहून ठेवले आहे. अलीकडच्या काळात १८७६ साली तेथील जीर्ण झालेला वृक्ष वादळात कोसळला आणि १८८१ साली कनिंगहॅम यांनी त्या जागी नवे रोप लावले. आज भाविक ज्याचे दर्शन घेतात तो हाच वृक्ष होय.

त्याआधी पुष्कळ शतके सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा हिने मूळ बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत नेली होती. राजा देवानंपिय तिस्स याच्या काळात ती अनुराधपूर येथे लावली गेली. माणसाने लावलेले आणि लावल्याचा काळ ठाऊक असलेले जगातील सर्वांत जुने झाड म्हणून ते ओळखले जाते. त्याला २२०० वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात किती राजे आले, किती परचक्रे आली, अनुराधपूर ओसाड पडले, रान माजले, पण झाडाची निगा राखणारी माणसे पिढ्यानुपिढ्या राहिली. याच अनुराधपूरच्या वृक्षाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी नागपूरला आणल्या आणि दीक्षाभूमीवर लावल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली व दिली, तेथे आज जो बोधिवृक्ष उभा आहे त्याचे नाते असे थेट उरुवेलेच्या पिंपळाशी पोहोचते.

यातून घ्यावयाचा बोध असा की बोधिवृक्ष अमर नाही. तो तोडला गेला, वाळला, कोसळला. सर्व संस्कार अनित्य आहेत या नियमातून तोही सुटला नाही. तो टिकला तो जगविणाऱ्या माणसांमुळे. एका जागी झाड गेले तरी दुसऱ्या जागी त्याची फांदी कोणीतरी सांभाळत होते.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातच याच्या उलट उदाहरण आहे. संग्रामपूर तालुक्यातील पूर्णाकाठच्या भोन गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या सुरुवातीस उत्खनन केले. तेथे विटांचा प्राचीन स्तूप आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी सापडल्या. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात बौद्ध वस्ती नांदत होती, पाण्याची सोय करून राहत होती. जिगाव धरणाच्या बुडिताचे सावट आता या ठिकाणावर आहे. स्तूप वाचावा यासाठी जरूर आवाज उठविला पाहिजे. पण विटांचा स्तूप एकदा गेला की गेला, हेही खरे. झाडाची फांदी मात्र दुसरीकडे लावता येते.

माती कोणाची?

बागकामातून मनाला शांती मिळते, असे बंगल्यात राहणारे सुखवस्तू लोक म्हणतात तेव्हा आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना हसू येते. त्यांनी जन्मभर मातीतच काम केले. पण ती माती दुसऱ्याची होती. दुसऱ्याच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला, सोंगायला जायचे, संध्याकाळी मजुरी घेऊन परत यायचे. त्या मातीत शांती शोधायला त्यांना फुरसत नव्हती आणि हक्कही नव्हता. हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या बालपणीचा एक प्रसंग दिला आहे. सिद्धार्थ मित्रांसह वडिलांच्या शेतावर जातो. तेथे अपुऱ्या वस्त्रांतले मजूर भर उन्हात नांगरताना, बांध घालताना, झाडे तोडताना त्याला दिसतात. एका माणसाने श्रम करावेत आणि दुसऱ्याने त्या श्रमांच्या फळावर जगावे हे योग्य कसे, असा प्रश्न त्या बालमनाला पडतो. धम्माची मातीकडे पाहण्याची दृष्टी ही अशी आहे. झाडाचे सौंदर्य पाहताना झाडाखाली घाम गाळणारा माणूसही दिसला पाहिजे.

खेड्यातील भूमिहीन बांधवांच्या जमिनीची चिंता बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात बोलून दाखविली होती. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. आज ज्याच्या दारात चार हात जागा आहे, ज्याच्या नावावर एखादा एकर आहे, त्यामागे हा इतिहास आहे. म्हणून आपल्या अंगणात लावलेले लिंबाचे किंवा शेवग्याचे झाड हे आपल्यासाठी केवळ शोभेचे झाड नसते. ही माती आपली आहे आणि या झाडाचे फळ आपली मुले खाणार आहेत, हा स्वाभिमान त्यात आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय सुरू केले ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्या परिसराला बाबासाहेबांनी नागसेनवन असे नाव दिले. विद्येच्या जागेच्या नावात त्यांनी वन घातले हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कठीण काळात रोप काय शिकविते?

आपल्या जिल्ह्याला कठीण काळ नवा नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घरातील वृद्ध अजून सांगतात. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज जाहीर केले त्यांत बुलडाणा होता. २०२० साली कोरोनाची साथ आली, विहारांना कुलपे लागली, भीमजयंती आणि बुद्ध पौर्णिमा घरातच साजरी करावी लागली, दीक्षाभूमीवरचा सोहळाही त्या वर्षी झाला नाही. पुढे जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत पुराने हाहाकार केला. घाटावर पाण्याची ओढ, घाटाखाली खारपाण आणि पूर, असे आपले जगणे आहे. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. पीककर्जाच्या रांगेतला माणूस पासबुक उघडून शिल्लक पाहतो आणि काही न बोलता ते मिटून खिशात ठेवतो, हे आम्हाला नेहमी दिसते. त्या न बोलण्याचेच भय वाटते.

अशा माणसाला एक रोप काय देणार, असा प्रश्न कोणीही विचारील. रोपाने कर्ज फिटत नाही आणि गेलेला माणूस परत येत नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. तरीही रोप काही गोष्टी शिकविते. आपण विहारात ज्या दहा पारमिता म्हणतो त्यांतील पाच तरी बागेत रोज आचरणात येतात.

पहिली अधिट्ठान, म्हणजे निश्चय. हे रोप मी जगवीन असे ठरविले की दुःखी माणसालाही सकाळी उठण्यास एक कारण मिळते. दुसरी विरिय, म्हणजे उद्योग. हंडाभर पाणी उचलून नेणे, आळे मोकळे करणे, तण काढणे ही लहान कामे आहेत, पण ती हातून घडतात. ज्याला सर्व काही हाताबाहेर गेले असे वाटते त्याला आपल्या हातात अजून काहीतरी आहे हे त्यातून कळते. तिसरी खन्ति, म्हणजे सहनशीलता. रोपाला ओढून मोठे करता येत नाही. त्याच्या गतीनेच ते वाढते. चौथी मेत्ता. मुंगी, पाखरू, वाटसरू सर्वांना झाडाचा उपयोग होतो आणि लावणारा हळूहळू स्वतःच्या दुःखाबाहेर पाहू लागतो. पाचवी उपेक्खा, म्हणजे समतोल. इतके करूनही रोप वाळू शकते. गारपीट होते, बकरी खाते, वाळवी लागते. त्या वेळी प्रयत्न आपला, परिणाम अनेक कारणांवर अवलंबून, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम पुस्तकाबाहेर डोळ्यांनी दिसतो.

सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात हेच तत्त्व शेतकऱ्याच्या भाषेत आले आहे. मी नांगरतो आणि पेरतो, तुम्हीही नांगरून पेरून खा, असे एक ब्राह्मण शेतकरी तथागतांना सुनावतो. तेव्हा तथागत आपलीही शेती आहे असे सांगून श्रद्धेला बियाण्याची, तपाला पावसाची, प्रज्ञेला जू व नांगराची आणि स्मृतीला फाळ व पराणीची उपमा देतात. तथागतांनी शेतीला कमी लेखले नाही. शेतीची अवजारे घेऊनच त्यांनी मनाची मशागत समजावून दिली.

आमच्या परिचयातील घाटाखालच्या एका गावातील एका उपासिकेचा तरुण मुलगा २०२१ च्या साथीत गेला. दोन महिने ती माऊली कोणाशी बोलत नव्हती. विहाराच्या आवारात त्या पावसाळ्यात पिंपळाचे रोप लावले होते. शेजारच्या बायांनी तिला समजावण्याचा नाद सोडला आणि फक्त एवढेच सांगितले की, मावशी, संध्याकाळचे पाणी तुमच्याकडे. ती रोज गुंडभर पाणी घेऊन जाऊ लागली. पाणी घालून झाले की बायांमध्ये बसू लागली, पुढे वंदनेला थांबू लागली. पुढच्या वैशाखात ते रोप उन्हाने वाळले. आता ही पुन्हा खचेल असे सर्वांना वाटले. पण तिने आषाढात स्वतः दुसरे रोप आणून लावले आणि भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले. मुलाचे दुःख तिच्या मनातून गेले नाही, ती तसे म्हणतही नाही. मात्र पहिले रोप गेल्यावर दुसरे लावता येते हे ती गावातल्या इतर बायांना आता सांगते.

जगात इतरत्रही हा अनुभव आलेला आहे. आपल्या विदर्भातच वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९५१ साली आनंदवन उभे केले. समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरुग्णांनी खडकाळ जमिनीत विहीर खोदली, भाजीपाला पिकविला आणि आपल्या कष्टाने मानाने जगता येते हे दाखवून दिले. जपानमध्ये हिरोशिमा शहरावर १९४५ साली अणुबॉम्ब पडला तेव्हा तेथे पुष्कळ वर्षे काही उगवणार नाही असे बोलले जात होते. पण जळालेल्या बुंध्यांना पालवी फुटली. होसेन्बो या बुद्धविहारातील जळालेले गिंको झाड पुन्हा फुटले आणि विहार नव्याने बांधताना त्या झाडाला जागा ठेवून बांधण्यात आला. त्या स्फोटातून वाचलेली दीडशेहून अधिक झाडे तेथील लोक आजही जपतात. त्या शहराने आपले फूल म्हणून कण्हेर निवडली. आपल्या दारोदारी फुलणारी ही कण्हेर तेथे उद्ध्वस्त झालेल्या लोकांना धीर देणारी ठरली. अमेरिकेतील रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली दाखवून दिले की शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा, लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एखादा बांधव जीवन संपविण्याची भाषा बोलत असेल किंवा जेवणखाण सोडून एकटा बसत असेल, तर त्याला रोप देऊन आपले काम संपत नाही. त्याला एकटे ठेवू नये, त्याचे ऐकून घ्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. रोगाला औषध घेणे हा धम्मच आहे. तथागतांनी जीवक वैद्याचे उपचार स्वतः घेतले होते.

पिंपळ देव नव्हे

आणखी एका बाबतीत सावध राहिले पाहिजे. पिंपळावर मुंजा असतो, शनिवारी त्याला पाणी घातले की पीडा टळते, सूत गुंडाळून फेऱ्या घातल्या की इच्छा पूर्ण होते, या समजुती आपण बावीस प्रतिज्ञा घेऊन सोडल्या आहेत. त्या बोधिवृक्षाच्या नावाने मागल्या दाराने घरात येऊ नयेत. आपण बोधिवृक्षाला मान देतो तो त्याच्याखाली एका माणसाने स्वतःच्या प्रयत्नाने सत्य जाणले म्हणून. झाड नवस घेत नाही. त्याला पाणी हवे असते, मुळाशी मोकळी माती हवी असते आणि गुरांपासून राखण हवी असते. रोपाला पाणी घालताना मन त्या पाण्यावर, त्या मातीवर ठेवावे. ती स्मृतीची साधना होते. मनात मागणे ठेवून पाणी घातले तर तो व्यवहार होतो.

वर्षावास ते वैशाख

आता प्रत्यक्ष काय करावे ते थोडक्यात सांगतो. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत आपल्या विहारांतून ग्रंथवाचन होते. रोपे लावण्याचाही हाच काळ आहे. खड्डे मात्र उन्हाळ्यातच खणून ठेवावेत. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असा खड्डा उन्हात तापू द्यावा म्हणजे किडीची अंडी मरतात. नंतर तळाशी वाळलेला पाला, मग कुजलेले शेणखत व वरची चांगली माती भरावी.

पिंपळ लावावयाचा असेल तर विहाराच्या भिंतीपासून, विहिरीपासून व पाण्याच्या टाकीपासून चांगला दूर लावावा. त्याची मुळे भिंती फोडतात. घराच्या अंगणात पिंपळ लावू नये. तेथे लिंबू, पेरू, सीताफळ, शेवगा, कढीपत्ता ही झाडे बरी. सीताफळ घाटावरच्या मुरमाड जमिनीत चांगले येते. घाटाखाली खारपाण पट्ट्यात बोअरचे पाणी खारट असते. ते रोज घातले तर काळी माती चिकट व कडक होते. तेथे कडुनिंब, करंज, बोर अशी खारटपणा सोसणारी झाडे निवडावीत आणि पहिली दोन वर्षे शक्य तेवढे पत्र्यावरून साठविलेले पावसाचे पाणी वापरावे.

ज्यांना जागा नाही त्यांनी तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खाली भोके पाडून त्यात मेथी, पालक, मिरची, वांगी लावावीत. न्हाणीच्या पाण्यावर दोडका, कारले, भोपळा यांचे वेल सहज येतात. साबणाचे फेसाळ पाणी मात्र बाजूला सोडावे. वेलाचे पहिले फळ बियाण्यासाठी राखून ठेवण्याची आपल्या आज्यांची रीत होती. ती पुन्हा सुरू करावी आणि बियाणे शेजाऱ्यांना वाटावे. तेही दानच होय.

खरी परीक्षा पावसाळ्यात नसते. पावसात सर्वच रोपे हिरवी दिसतात. परीक्षा फाल्गुनापासून सुरू होते. तेव्हा आळ्यात वाळलेला पाला, सोयाबीनचे कुटार किंवा गवत पसरावे म्हणजे ओल टिकते. रोपाजवळ बुडाला बारीक छिद्र पाडलेले मडके पुरून त्यात वात घालावी आणि ते दोन-तीन दिवसांनी भरावे. थोड्या पाण्यात मुळे जगतात. पाणी संध्याकाळी द्यावे. काळ्या मातीला भेगा पडल्या की त्या खुरप्याने बुजवाव्यात, नाहीतर मुळे उघडी पडून वाळतात.

आमची विनंती अशी की प्रत्येक विहाराने यासाठी एक साधी वही ठेवावी. आषाढ पौर्णिमेला किती रोपे लावली हे लिहावे, प्रत्येक रोपापुढे एका घराचे नाव लिहावे. पण कार्यक्रमाचा फोटो त्या दिवशी काढू नये. वैशाख पौर्णिमेला, भर उन्हाळ्यात, जी रोपे जिवंत आहेत त्यांची मोजणी करावी आणि तीच संख्या बुद्ध जयंतीच्या सभेत वाचून दाखवावी. बँकेच्या भाषेत सांगायचे तर आरंभीची शिल्लक कोणीही मोठी दाखवितो, हिशेब अखेरच्या शिल्लकेचा असतो. रोप वाळलेल्या घराला दोष देऊ नये. पुढच्या आषाढात त्या घराला पहिले रोप द्यावे. आणि वहीतील नावे लिहिताना ज्या घरात दुःख झाले आहे, ज्या घरातला कर्ता माणूस गेला आहे, जो बांधव गप्प गप्प राहू लागला आहे, त्याचे नाव आवर्जून घालावे. त्याच्या रोपाला पाणी घालायला शेजाऱ्यानेही जावे म्हणजे त्या निमित्ताने रोज दोन शब्द बोलले जातील. वही ठेवण्याचा खरा उपयोग हाच आहे.

धम्म म्हणजे केवळ वंदना आणि सूत्रपठण नव्हे, तो आचरणाचा मार्ग आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग आहे. त्या मार्गावर चालावयाचे पाऊल नेहमीच मोठे असते असे नाही. कधी ते न्हाणीपासून अंगणातल्या रोपापर्यंत नेलेल्या तांब्याभर पाण्याएवढे असते. येत्या आषाढ पौर्णिमेला आपण सर्व उपासक-उपासिकांनी हे पाऊल उचलावे आणि वैशाखापर्यंत ते थांबवू नये, एवढीच नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!